बुधवारची शिकार

हमीदभाऊ, तुमच्या शोकसभेत लोक पोट धरून हसले. आधी हेच सांगते, कारण बाकी काही ऐकायच्या आधी तुम्ही हेच विचारलं असतं, "बाई, पोट्टे रडून तर नाई राह्यले ना जी?" नाही रडले. रडले असते, पण सभेआधी सगळ्यांना शिकार वाढली होती आणि तोंडात तुमची शिकार असताना रडणं कोणाला जमतं? सगळ्यांची बोटं हिरवी झाली होती. नाकातून पाणी येत होतं, ते मिरचीचं की दुसऱ्या कशाचं, हे कोणी कोणाला विचारलं नाही.

मी मात्र त्या दिवशी घरून एक काम ठरवून निघाले होते. चौदा वर्षं माझी एक चूक तुमच्या नावावर फिरते आहे. ती चारचौघांत परत घ्यायची, एवढंच काम. तुम्ही होतात तेव्हा तुम्ही घेऊ दिली नाही. आता तुम्ही आडवे यायला नव्हता, म्हणून मला वाटलं, चला, आज होऊन जाईल. ते कसं झालं तेच सांगायला बसले आहे. लिहिताना मी शुद्ध लिहिते हे तुम्हाला माहीत आहे. बोलताना माझंही मले-तुले सुरू होतं, हेही फक्त तुम्हालाच माहीत आहे.

आपली पहिली भेट आठवते का? मी आश्रमशाळेत गृहपाल म्हणून रुजू झाले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी तुम्हाला बाजाराची यादी दिली. धानोऱ्याचा बाजार करून तुम्ही संध्याकाळी सायकलवर आलात, पिशव्या उतरवल्या आणि अपराधी चेहऱ्यानं म्हणालात, "बाई, सगळं भेटलं, कोथिंबीर कुठीच नाई भेटली. सगळा बाजार पालथा घातला म्या. मंग सांबार आनला, चालन का?" आणि हातात ही मोठी कोथिंबिरीची जुडी! मी वेड्यासारखी बघत राहिले. तुम्हाला तो शब्द खरंच ठाऊक नव्हता, का तुम्ही माझी फिरकी घेत होता, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. विचारलं की तुम्ही नुसती मान हलवायचे.

वास्तविक मी कोण लागून गेले होते? माझं माहेर नागभीडच्याच बाजूचं, धानाच्या बांधावरचं. आमच्या आईनं जन्मात कोथिंबीर शब्द उच्चारला नाही. पण दोन वर्षं शिकायला पुण्याला काय राहिले, तिथल्या मैत्रिणी माझ्या सांबारवडीला हसल्या काय, मी सगळे शब्द बदलून आले. आलूचा बटाटा केला, भेदऱ्याचा टोमॅटो केला, फल्लीचे शेंगदाणे केले. तुम्हाला मी नागभीडची हे कळलं तेव्हा तुम्ही भाताच्या गंजावरचं झाकण खाली ठेवलं आणि म्हणालात, "आपल्या नागभीडची अन् कोथिंबीर म्हनते! बापा!" त्या दिवसापासून आपली लढाई लागली.

लढाईचं मैदान म्हणजे स्वयंपाकघराबाहेरचा फळा. आठवड्याभराचं जेवण त्यावर लिहायचं काम माझं. वरून छापील तक्ता यायचा, त्यात बघून मी सुवाच्य अक्षरात उतरवायची, आणि तुम्ही दारात उभे राहून एकेक शब्दाला हरकत घ्यायचे. तुम्हाला लिहिता फारसं येत नव्हतं. शाळा चौथीपर्यंत, तीही उर्दूतली. मी रजेवर असले की तुम्ही खडू धरायचे आणि तुमची अक्षरं उतारावरून घसरल्यासारखी फळ्याच्या कोपऱ्यात जमा व्हायची. पण हरकत घ्यायला कुठं लिहिता यावं लागतं!

"म्या जंक्शनचा मानूस हाय बाई," तुम्ही म्हणायचे. "आमच्या अब्बाची नागभीडले भट्टी होती. गाडी बदलाले लोक उतरे. एका पावाले कोनी पाव म्हने, कोनी बन म्हने, कोनी डबलरोटी, कोनी बिरेड. अब्बानं कोनालेच चूक नाई म्हनलं. गिऱ्हाईक ज्या नावानं मागन, त्या नावानं द्याचं. नाव बराबर असलं का मानूस पोटभर खाते."

मी म्हणायची, "भाऊ, ही शाळा आहे, भट्टी नाही."

"भूक तर थेच हाय ना जी," तुम्ही म्हणायचे आणि आत निघून जायचे. माझं उत्तर तयार व्हायच्या आत निघून जाण्याची तुमची ती सवय मला अजिबात आवडायची नाही. आताही तेच केलंत.

तो सँडविचचा शब्दही वरच्या तक्त्यातूनच आला. दर बुधवारी मुलांना सँडविच द्यावं, असा हुकूम. दीडशे पोरं आणि एक तवा! दुसरा कोणी असता तर त्यानं हात वर केले असते. तुम्ही शेतावरच्या गुऱ्हाळातून आणावा तेवढा मोठा तवा कुठून तरी पैदा केलात. बुधवारच्या गाडीनं धानोऱ्याहून डबलरोटी यायची. उकडलेले आलू हातानं कुस्करून, सांबार, फल्लीदाणे आणि हिरव्या मिरचीची चटणी पाट्यावर वाटून, भेदऱ्याची एक चकती आत घालून तुम्ही एका वेळी वीस-वीस लावायचे. वर दुसरा तवा उपडा घालून त्यावर वरवंटा ठेवायचे. खालून चर्र आवाज आला की सराटा घालून पलटायचे. पावसाळ्यात नाल्याला पूर येऊन गाडी बंद झाली की डबलरोटी नाही, मग तांदळाच्या दोन पातळ भाकरींमध्ये तोच मसाला. तिला तुम्ही जोडभाकर म्हणायचे. मी फळ्यावर सँडविचच लिहायची. खरं सांगू? मला जोडभाकरच जास्त आवडायची. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तुम्ही ते महिनाभर मिरवलं असतं.

एकदा मात्र तुम्ही मला चारीमुंड्या चीत केलं होतं. भामरागडच्या पलीकडच्या गावातून सोमी आली होती, सहा वर्षांची. दोन दिवस घास तोंडात घालेना. मी गोड बोलले, मग रागावले, मग घाबरले. तुम्ही चुलीवरून उठून आलात, तिच्यासमोर उकिडवे बसलात आणि भाताच्या ताटाकडे बोट दाखवून विचारलंत, "याले तुह्या घरी काय म्हनते वो?" मग ती हळूच म्हणाली, "गाटो." तुम्ही उडी मारून उठलात आणि दीडशे पोरांना ऐकू जाईल असं ओरडलात, "ऐका रे! आजपासून भात बंद. आज गाटो हाय!" गोंडी बोलणारी सगळी पोरं खदाखदा हसली, सोमी पण हसली, आणि हसता हसता तिनं पहिला घास घेतला. मग तुम्ही माझ्याकडे वळून म्हणालात, "लिवा बाई, गाटो." मी लिहिलं. माझे डोळे भरले होते म्हणून तुमच्याकडे पाठ करून लिहिलं, तुम्हाला वाटलं असेल मी रुसले.

आता त्या दिवसाचं सांगते. तुम्हाला माहीत आहेच, पण मला ते एकदा पूर्ण सांगू द्या.

हिवाळा सरत आला होता. जंगलात वणवा लावू नये हे मुलांना समजावून सांगायला वनखात्याचे एक नवे साहेब येणार होते, घाटाकडचे. त्यांच्यासोबत आमच्या खात्याचे साहेबही येणार होते. मी सकाळपासून फिरकीसारखी फिरत होते. फळा पुसून नवा लिहायला घेतला. बुधवारच्या रकान्यात तक्त्याप्रमाणे लिहायचं होतं, कोथिंबीर चटणी सँडविच. तुम्ही दारात हजर.

"बाई, पोट्टे कोथिंबीर वाचते अन् म्हनते, भाऊ, आज काही नवीन हाय वाटते. मंग जुनंच निंगते. बिचारे नाराज होते. सांबार लिवा ना."

"भाऊ, आज साहेब येणार आहेत. आज तरी शुद्ध असू दे."

तुम्ही अगदी निरागस चेहऱ्यानं म्हणालात, "सांबार अशुद्ध हाय का जी? दोन पान्यानं धुतला म्या."

मला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून राग आला. रागात मी खडू उचलला, फराफरा लिहिलं, "सांबर सँडविच", खडू आदळला आणि निघून गेले. सांबार म्हणजे कोथिंबीर. सांबर म्हणजे जंगलातलं शिंगंवालं सांबर. मधे फक्त एका कान्याचा फरक. सगळ्या शाळेचं शुद्धलेखन तपासणारी मी, मागे वळून बघितलंसुद्धा नाही.

अकराच्या सुमाराला साहेब लोक आले. मुलं वर्गात होती. वनखात्याचे साहेब सहज फिरत फिरत फळ्यापाशी थांबले आणि मोठ्यानं वाचायला लागले. सोमवारच्या रकान्यात लिहिलं होतं, पोपट भाजी; तो एक शब्द तुम्ही आधीच जिंकला होता. आपल्याकडे वालाच्या शेंगांना पोपट म्हणतात, हे त्या बिचाऱ्यांना कोण सांगणार? त्यांनी एकदा वर झाडाकडे बघितलं. मग बुधवार वाचला. मग माझ्याकडे बघितलं.

"सोमवारी पोपट आणि आज सांबर?"

त्यांच्यासोबतचा वनरक्षक इथलाच, कुरखेड्याकडचा. त्याला सगळं कळलं होतं, पण साहेबांच्या आधी हसायची त्याची हिंमत नव्हती. तो आपल्या बुटांकडे बघत राहिला. आमच्या खात्याचे साहेब पुढे झाले. "कोणी लिहिलं हे?"

हमीदभाऊ, मी तोंड उघडलं होतं. शपथ घेऊन सांगते, उघडलं होतं. पण आवाज आला नाही. नवी नोकरी, समोर दोन साहेब, आणि समोर फळ्यावर माझ्या वळणदार अक्षरात हरणाच्या जातीतलं जनावर. तेवढ्यात तुम्ही सराटा हातात घेऊन बाहेर आलात, एकदा फळ्याकडे बघितलंत, एकदा माझ्याकडे, आणि म्हणालात, "म्या लिवलं जी साहेब." आणि खांद्यावरच्या दुपट्ट्यानं अख्खा फळा पुसून टाकलात. "मले लिवता येत नाई बराबर."

अक्षर कोणाचं होतं, हे सांगणारं आता जगात काही उरलं नव्हतं.

पुढचं सगळे हसून सांगतात. तुम्ही जुडी आणून साहेबांच्या नाकाला लावलीत. "हा पाहा जी सांबार." साहेब म्हणाले, "ही तर कोथिंबीर आहे." तुम्ही म्हणालात, "तुमच्याकडे असन जी. आमच्याकडे येता येता तिचा सांबार होते." "आणि पोपट?" "त्या शेंगा हाय जी. उडत नाई." इथं सगळे टाळी देतात. पण यातला एक तुकडा कोणी सांगत नाही, कारण तो पाहायला मी एकटीच होते. रीत म्हणून त्यांनी कोठी तपासली. गंजांची झाकणं काढून वास घेतला. तांदळाच्या पोत्यांमागे हात घालून बघितलं. तुम्ही शांत उभे होता, पण तुमचा हात कोरडा सराटा पुन्हा पुन्हा दुपट्ट्याला पुसत होता. जंगलाच्या जिल्ह्यात सांबराच्या मांसाचा संशय म्हणजे काय, हे इथं कोणाला सांगावं लागत नाही. त्यात रोजंदारीचा स्वयंपाकी, त्यात नाव हमीद. मी तो हात पाहिला आणि तरी गप्प राहिले. चौदा वर्षांत मला सगळ्यात जास्त तो हात आठवला आहे.

वनखात्याचे साहेब मनाचे मोकळे निघाले. तिथंच उभ्या उभ्या तीन सँडविच खाल्ली, चौथं कागदात बांधून घेतलं, आणि जाताना म्हणाले, "सांबर छान शिजलंय हो." आमचे साहेब मात्र हसले नाहीत. आठच दिवसांत वरच्या कचेरीतून कागद आला. स्वयंपाक्यानं लेखी खुलासा द्यावा.

तुम्हाला कुठं लिहिता येत होतं? तो खुलासाही मीच लिहिला. "माझ्या अज्ञानामुळे व अशिक्षितपणामुळे फलकावर चुकीचा शब्द लिहिला गेला, याबद्दल मी दिलगीर आहे." एकही चूक नाही, काना-मात्रा सगळं जागच्या जागी. तुम्ही बोट ठेवून ठेवून वाचलंत आणि विचारलंत, "अशिक्षित म्हंजे मीच ना बाई?" मी खाली बघून हो म्हटलं. "मंग बराबर हाय," म्हणालात आणि ह च्या शेपटीला गाठ मारून सही केलीत. त्या वर्षी कायम होणाऱ्यांची यादी आली त्यात तुमचं नाव नव्हतं. पुढच्या वर्षी आलं. खुलाशामुळे मागे पडलं असं कोणी म्हटलं नाही, पण तसं नाही असंही कोणी म्हटलं नाही. मी विचारायलाच गेले नाही.

आणि तुम्ही? तुम्ही त्याचा सण केलात! पुढच्या बुधवारी रांगेतल्या कोणत्या तरी टवाळ पोट्ट्यानं विचारलं, "भाऊ, आज शिकार हाय ना?" मला वाटलं तुम्ही चिडाल. तुम्ही सराटा तव्यावर ठण्णकन आपटलात आणि ओरडलात, "हाय! या, पण गुपचूप या, साहेब आयकन!" दीडशे पोरं बोटं ओठांवर ठेवून, वाकून, दबकत दबकत रांगेत सरकायला लागली. त्या दिवसापासून सँडविच हा शब्द आमच्या शाळेतून गेला. बुधवारी शिकार. पावसाळ्यात भाकरीची शिकार. जिथं चटणी जास्त पडली ती ओली शिकार, कडा जळाल्या ती जुनी शिकार. मी सहा महिने झगडले आणि मग मुकाट्यानं फळ्यावर लिहायला लागले, शिकार. वरच्या तक्त्यात सँडविच, फळ्यावर शिकार, आणि कोणत्याही साहेबानं परत विचारलं नाही.

शाळेतून ती बाहेर कशी गेली ते तुम्ही पाहिलंच. सुटीत पोरं आपापल्या गावी गेली, घरी आयांना करायला लावली. आज धानोऱ्याच्या स्टँडवर सोमीची गाडी आहे. तीच सोमी, गाटोवाली. पाटीवर लिहिलंय, "व्हेज शिकार". बाहेरगावचा माणूस बिचकतो, विचारतो, ही कसली? की सोमी सुरू. "आमच्या आश्रमशाळेत एक भाऊ होते जी. लय मायेचे, पन लिवता नव्हतं येत. सांबारचा काना सोडला अन् जंगलवाले आले ना घरावर..." दिवसातून दहा वेळा सांगते. माणूस हसतो, दोन जास्त घेतो. मी एसटीची वाट बघत तिथं उभी असले की प्रत्येक वेळी मला तो घास गिळताना पाणी प्यावं लागतं. आणि सोमी प्रेमानं म्हणते, "बाई, तिखट लागली का?"

मी प्रयत्न केला नाही असं नाही, भाऊ. तुमच्या निरोपाच्या दिवशी बोलायला उभी राहिले, "त्या दिवशी फळ्यावर," एवढंच म्हटलं आणि तुम्ही उठून तुमच्या गळ्यातला हार माझ्या गळ्यात घातलात. टाळ्याच टाळ्या. माझं वाक्य त्या झेंडूत बुडालं. मग तुम्ही नागभीडला परत गेल्यावर, मागच्या दिवाळीनंतर, तुमच्या घरी आले. तुम्ही खाटेवर बसला होता, पायांवर सूज होती, आणि तरी मला बघून पहिली हाक आत नूरभाभींना गेली, "अवो, कोथिंबीरबाई आल्या, चहा मांडा!" मी सरळ म्हटलं, भाऊ, आता मी सांगून टाकणार. लोक तुम्हाला हसतात, मला सहन होत नाही.

"काऊन सांगता?" तुम्ही म्हणालात. "पोट्ट्याईची एवढी मस्त गोष्ट हाय. स्वयंपाक्याची चूक असली का लोक हासते. मास्तरनीची चूक म्हनलं का कोनी हासन नाई, इचार करत बसन. मंग सोमीच्या गाडीवर कोन थांबन?"

"पण खरं काय ते?"

"खरं तव्यावर हाय ना जी. चहा घ्या, थंडा होऊन राह्यला."

हे भांडण आपलं तिथंच राहिलं. मी चहा घेतला, रागावून घेतला, आणि स्टेशनवर येईपर्यंत मनातल्या मनात तुम्हाला अकरा उत्तरं दिली. त्यातलं एकही आता तुमच्यापर्यंत जाणार नाही. पावसाळा लागायच्या आधी एकदा परत जायचं, असं ठरवलं होतं. तुम्ही मात्र माझ्यासाठी थांबला नाहीत.

तर मग सभा. शाळेच्या पटांगणात मांडव, जुनी पोरं कुठून कुठून आलेली, कोणी पोलिसात आहे, कोणी नर्स, दोघं सिरोंच्याहून रात्रभर गाडी चालवत आले. नूरभाभी पहिल्या रांगेत, डोक्यावरून पदर घेऊन. सोमीनं शिकार केली होती. ती बोलायला उभी राहिली आणि तिनं तीच गोष्ट सांगितली, नेहमीपेक्षा रंगवून, वनरक्षकाच्या बुटांसकट. लोक हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडत होते. मग माझं नाव पुकारलं.

मी माइक धरला आणि एका दमात सांगून टाकलं. फळा मी लिहिला होता. काना माझा राहिला. भाऊंनी माझी चूक आपल्यावर घेतली आणि मी घेऊ दिली. खुलासाही मीच लिहिला. मी एकही शब्द सोडला नाही.

काय झालं असेल? शांतता पसरली असेल, कोणी मान खाली घातली असेल, निदान कोणी तरी माझ्यावर रागावलं असेल? छे! अख्खा मांडव टाळ्या वाजवायला लागला. मुख्याध्यापक उठून म्हणाले, "बाईंचं मन पाहा किती मोठं. गेलेल्या माणसाची चूकसुद्धा आपल्यावर घेतात." मागून एक जाडजूड पोलीस झालेला पोट्टा ओरडला, "बाई, तुमाले कोन खरं मानन? तुमी माह्या निबंधातले बावीस काने काढले होते!" परत हशा. मी ओरडून सांगत होते, अरे खरंच, देवाशपथ मीच, आणि मी जितकी ओरडले तितका माझा मोठेपणा वाढत गेला. शेवटी सोमीनं मला हाताला धरून खाली बसवलं आणि पाणी दिलं. चौदा वर्षं जे बोलायची हिंमत नव्हती ते बोलले, आणि त्याचं हे असं झालं! तुम्ही असता तर दुपट्टा तोंडात कोंबून हसला असता.

मांडव रिकामा झाल्यावर नूरभाभी माझ्याजवळ येऊन बसल्या. बराच वेळ दुपट्ट्याची घडी करत होत्या, तुमच्याच. मग म्हणाल्या, "मले माहीत हाय बाई. त्यायनं त्याच दिवशी घरी येऊन सांगतलं होतं."

मी विचारलं, काय सांगितलं?

"म्हने, बाईचा एक काना राह्यला, म्या घेतला अंगावर. मी लय भांडली. म्हनलं, आपले लहान लहान लेकरं हाय, तुमचं कायमचं काम होऊन राह्यलं, तुमाले काय करायचं होतं? तर म्हने, अवो, मले पोट्टे हासले तर हासू दे. बाई फळ्यावर जे लिवते थे पोट्टे खरं मानते. आता कुठी ते वाचाले शिकून राह्यले. बाईच्या अक्षरावरचा इस्वास गेला तर कोनाचं पाहून शिकन?"

मग त्या म्हणाल्या, "वर्षभर मले तुमचा राग होता. ईदले तुमाले सेवया पाठवायच्या नाई, असं म्या ठरवलं होतं. त्यायनं सोताच्या हातानं डबा भरला अन् माह्या नावानं पाठवला."

तो डबा मला आठवतो. त्यावर चिठ्ठी होती, घसरत्या अक्षरात, "नूर कडून". मी त्या चिठ्ठीतली वेलांटी तुम्हाला दुरुस्त करून दाखवायची म्हणून जपून ठेवली होती. किती हो मी मूर्ख! मी नूरभाभींच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. सभेत नाही रडले कोणी, पण मी रडले, हे सांगायचं राहिलं होतं.

तुमचं बरोबर असेल, भाऊ. गोष्ट तुमच्या नावानंच मस्त आहे. पण तुम्ही तुमचं ऐकवून आत निघून जाल आणि मी दारात उभी राहीन, हे या वेळी चालणार नाही. बोललेलं कोणी मानलं नाही. फळ्यावर लिहिलेलं मात्र त्या दिवशी सगळ्यांनी लगेच मानलं होतं. आणि पोरांचा विश्वास माझ्या अक्षरावर आहे, हे तुमचंच म्हणणं. म्हणून मोठ्या पुठ्ठ्यावर, माझ्या सगळ्यात चांगल्या अक्षरात लिहून काढलंय आणि खाली सही केली आहे. सोमीशी बोलले. ती आधी नाही म्हणाली, मग रडली, मग म्हणाली, पाटीच्या खाली लावते. उद्या बुधवार. उद्यापासून धानोऱ्याच्या स्टँडवर शिकार खाणारा प्रत्येक माणूस वाचेल:

"सांबारातला काना हमीदभाऊंनी सोडला नव्हता. तो मी खाल्ला."